कायदा तुमचा, शिक्षा मात्र नागरिकाला: कॅन्ससच्या विधिमंडळ सदस्यांना खुले पत्र

प्रति,
कॅन्सस राज्याच्या सिनेटचे आणि प्रतिनिधिगृहाचे सर्व सन्माननीय सदस्य,
टोपीका

स. न. वि. वि.

एप्रिल २०१३ मध्ये तुमच्या दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने एक कायदा मंजूर केला आणि गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी त्यावर सही केली. दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काच्या, संरक्षणाचा कायदा असे त्याचे नाव. कॅन्ससमध्ये तयार झालेली आणि कॅन्ससच्या हद्दीतच राहिलेली बंदूक, तिचा जोडभाग किंवा काडतूस यांना केंद्राचा कोणताही कायदा लागू होणार नाही, असे त्यात तुम्ही लिहिलेत. या वस्तू आंतरराज्य व्यापारात उतरलेल्याच नाहीत, असेही विधिमंडळाच्या नावाने जाहीर केलेत. या शब्दांवर विसंबून चनूट गावातल्या दोन माणसांनी व्यवहार केला आणि केंद्राच्या कोर्टात दोघेही फेलनीचे, म्हणजे गंभीर गुन्ह्याचे, दोषी ठरले. कायदा अजून आपल्या राज्याच्या संहितेत आहे. येत्या अधिवेशनात तो दुरुस्त करावा, ही मागणी करण्यासाठी हे पत्र.

मी विचिटात राहतो आणि विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. लेथ आणि मिलिंग मशीनवर माझी हयात गेली, त्यातली सुरुवातीची वर्षे पुण्याजवळ भोसरीत. आता मी या देशाचा नागरिक आणि या राज्याचा मतदार आहे. या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कचेऱ्यांना स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत लिहिण्याचे कारण असे की विचिटा, ओव्हरलँड पार्क, डॅलस, ह्यूस्टन इथली आमची माणसे आता बंदुका विकत घेतात, रेंजवर जातात, काही जण नोव्हेंबरात पश्चिम कॅन्ससला फेझंट पक्ष्याच्या शिकारीलाही जातात. विधिमंडळाने केला तो कायदा आणि कायदा म्हटला की तो खराच असणार, या समजुतीत आम्ही लहानाचे मोठे झालो. आमच्यातल्या एखाद्याने तुमचा कायदा वाचला तर तो शंभर टक्के विश्वास ठेवील. मला त्याचीच धास्ती वाटते.

मी बंदुकीच्या विरोधात नाही, हेही सांगतो. माझे शेजारी शिकार करतात, जबाबदारीने करतात. सायलेन्सर, म्हणजे बंदुकीचा आवाज कमी करणारी नळी, हे काही सिनेमातल्या मारेकऱ्याचेच हत्यार नव्हे, कान वाचवण्यासाठी ते लावणारे शिकारी मी पाहिले आहेत. केंद्राने प्रत्येक गोष्टीत हात घालू नये, असे मलाही वाटते. तेव्हा हे पत्र बंदूकविरोधी माणसाचे म्हणून बाजूला टाकू नये.

या कायद्यांची सुरुवात आपल्याकडे झाली नाही. ती मोंटानात झाली. तिथल्या नेमबाजांच्या संघटनेचे गॅरी मार्बट यांनी मसुदा तयार केला, १५ एप्रिल २००९ रोजी गव्हर्नर ब्रायन श्वाइट्झर यांनी सही केली आणि १ ऑक्टोबरपासून कायदा लागू झाला. मोंटानात बनलेल्या बंदुकीवर 'मेड इन मोंटाना' असा ठसा ठळकपणे मारायचा. आत बाहेरच्या राज्यातली स्प्रिंग किंवा स्क्रू असेल तर चालेल. कच्चे पोलाद आणि न घडवलेले लाकूड म्हणजे बंदूक नव्हे. एका माणसाला वाहून नेता येणार नाही अशी शस्त्रे आणि मशीनगन यांना ही सवलत नाही. मसुदा विचार करून लिहिलेला होता, हे मान्य करायला हवे. त्याच वर्षी टेनेसीने तसाच कायदा केला. पाठोपाठ युटा, वायोमिंग, साउथ डकोटा, ॲरिझोना, आयडाहो, अलास्का अशी रांग लागली.

'कच्चे पोलाद म्हणजे बंदूक नव्हे' हे कलम वाचताना मी जरा थांबलो, कारण ते माझ्या रोजच्या कामातले आहे. आमच्याकडे ॲल्युमिनियमची सळई येते तेव्हा तिच्याबरोबर मिल सर्टिफिकेट येते. धातूचा हीट नंबर (ओतीचा क्रमांक), त्यातल्या मिश्रणाचे प्रमाण, तो कुठल्या मिलमध्ये ओतला गेला, सगळे त्यावर छापलेले असते आणि ती मिल बहुधा दुसऱ्याच राज्यात असते. कापणारे इन्सर्ट तिसऱ्या राज्यातून, कधी परदेशातून येतात. मशीन जपानी किंवा जर्मन. त्या सळईपासून केलेल्या नळीवर मी पंचने 'मेड इन कॅन्सस' असे ठोकले तर ते खोटे नाही, घडवण्याचे काम इथेच झाले. पण त्या ठशाने वस्तूचा बाजाराशी असलेला धागा तुटतो, असे कोणत्याही कारखानदाराला पटणार नाही. आणि ठसा मारलेली वस्तू मिसूरीची हद्द ओलांडताना आपणहून थांबत नाही. कोर्टांनी जे म्हटले ते साध्या भाषेत एवढेच आहे.

कोर्टांनी ते फार पूर्वीच म्हटले होते, ही खरी अडचण आहे. १९४२ सालचे विकर्ड विरुद्ध फिलबर्न प्रकरण तुमच्यातल्या वकील मंडळींना तोंडपाठ असेल. ओहायोचा शेतकरी रॉस्को फिलबर्न. त्याला ११.१ एकर गहू पेरायची परवानगी होती, त्याने २३ एकर पेरला. जादा पीक २३९ बुशेल आले, दंड बसला ११७ डॉलर ११ सेंट. हा गहू मी माझ्याच शेतावर वापरणार, व्यापाराशी माझा काय संबंध, असे त्याचे म्हणणे होते. सुप्रीम कोर्टाने ते मानले नाही. असा विचार सगळ्याच शेतकऱ्यांनी केला तर देशभरच्या गव्हाच्या भावावर परिणाम होतो, म्हणून काँग्रेसला, म्हणजे देशाच्या संसदेला, त्यावर नियम करता येतो. गव्हाच्या राज्यात राहून या निकालाबद्दल राग असणे मी समजू शकतो. मलाही तो निकाल फार ताणलेला वाटतो. पण तो आहे. २००५ मध्ये गोन्झालेस विरुद्ध रेच प्रकरणात कॅलिफोर्नियातल्या रुग्ण स्त्रियांच्या गांजाबद्दल कोर्टाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी तोच धागा पुढे नेला. त्यातल्या एकीच्या घरची सहा झाडे केंद्राच्या अधिकाऱ्यांनी नष्ट केली होती. राज्याच्या कायद्याने ती झाडे वैध होती. हा निकाल लागून आठ वर्षे झाल्यावर तुम्ही २०१३ चा कायदा केलात.

मोंटानाचे मार्बट यांच्या वागण्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांना मुलांसाठी .२२ ची छोटी रायफल बनवायची होती, तिचे नावही ठरले होते, 'मोंटाना बकरू'. घेणारे शेकडो ग्राहक तयार आहेत, असे त्यांनी कोर्टाला सांगितले. परवान्याशिवाय बनवली तर कायदा मोडेल, असे शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या एटीएफ खात्याने त्यांना पत्राने कळवले. त्यांनी रायफल बनवायला घेतली नाही. कायदा ज्या दिवशी लागू झाला त्याच दिवशी ते कोर्टात गेले: आधी निकाल द्या, मग बनवतो. जिल्हा न्यायालयात हरले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये नवव्या सर्किटच्या (केंद्राच्या न्यायव्यवस्थेतल्या एका विभागाच्या) अपील कोर्टाने त्यांना दावा लावण्याचा हक्क आहे हे मानले, पण रेच प्रकरणाच्या आधारे मूळ मुद्दा फेटाळला. सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला घेतले नाही. मार्बट हरले, पण एकही ग्राहक तुरुंगाच्या दारात उभा राहिला नाही. लढाई करायची तर अशी करावी.

आपल्याकडे काय झाले? तुमच्या कायद्यावर सही होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा केंद्राचे ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी गव्हर्नरना पत्र पाठवले. हा कायदा घटनाविरोधी आहे, केंद्राचे अधिकारी आपले काम चालूच ठेवतील, गरज पडल्यास कोर्टात जाऊ, असे त्यात स्पष्ट होते. गव्हर्नरांनी उलट उत्तर दिले, वर्तमानपत्रांत दोन्ही पत्रे गाजली. पण ज्या सामान्य नागरिकाच्या हाती तुम्ही हा कायदा दिला होता, त्याला राज्याने काही कळवले का? दुकानदारांना एखादे परिपत्रक? एखाद्या संकेतस्थळावर ठळक सूचना, की बाबांनो, केंद्राला हे मान्य नाही, तुम्ही पकडले जाऊ शकता? मी शोधले, मला सापडले नाही. २०१४ मध्ये बंदूक-नियंत्रणाचा आग्रह धरणाऱ्या ब्रॅडी संघटनेने कायद्याला आव्हान दिले तेव्हा निदान कोर्टाचे मत कळले असते. तो दावाही फिर्यादीला हक्क नाही म्हणून निकाली निघाला. राज्याने हा आपला विजय मानला. खरे तर कायद्याची परीक्षा झालीच नव्हती.

ती परीक्षा चनूटमध्ये झाली. तिथे लष्करी जुन्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थाने सायलेन्सर बनवून विकले, राज्याच्या कायद्याप्रमाणे, केंद्राकडे नोंद न करता. त्यातला एक लष्करात सेवा केलेल्या एका माणसाने विकत घेतला. दोघांवर खटला भरला गेला. आपण राज्याच्या कायद्यावर विश्वास ठेवला, हा बचाव ज्युरीपुढे मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये दोघे दोषी ठरले. न्यायाधीशांनी तुरुंगात न पाठवता प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली मोकळीक, दिले, दुकानदाराला दोन वर्षांचे आणि ग्राहकाला एक वर्षाचे. शिक्षा सौम्य होती. ठपका सौम्य नव्हता. फेलनी झालेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही. बंदुकीचा हक्क वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यावर एका माजी सैनिकाने विश्वास ठेवला आणि त्यापायी त्याचा तोच हक्क गेला.

अपील आपल्या विभागाच्या, म्हणजे दहाव्या सर्किटच्या, कोर्टापुढे गेले, ऑक्टोबर २०१८ मध्ये फेटाळले गेले. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही नकार दिला. त्या निकालातला एक भाग तुम्ही प्रत्येकाने वाचावा असा आहे. तुमचा कायदा उभा होता आंतरराज्य व्यापाराच्या मुद्द्यावर: वस्तू राज्याबाहेर गेली नाही, म्हणून केंद्राचा अधिकार नाही. पण सायलेन्सरवरचा केंद्राचा कायदा, १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट, हा व्यापाराच्या अधिकारावर उभा नाहीच. तो कर बसवण्याच्या अधिकारावर उभा आहे. तेव्हा २०० डॉलर कर होता, आणि कर वसूल करता यावा म्हणून नोंदणी. १९३७ मध्ये सोन्झिन्स्की प्रकरणात सुप्रीम कोर्टाने या कायद्यातला कर वैध ठरवला होता. अपील कोर्टाने त्याच निकालावर बोट ठेवले. वस्तू चनूटबाहेर गेली की नाही, याने कराच्या प्रश्नात काहीच फरक पडत नाही. म्हणजे 'हे आंतरराज्य व्यापारात नाही' हे तुमचे वाक्य अगदी खरे धरले, तरी त्या दोघांना त्याचा उपयोग नव्हता. सुरा आणून दिलात, पण कुलूप उघडायचे होते.

हे २०१३ मध्ये कोणाला ठाऊक नव्हते, असे मला कोणी सांगू नये. १९३४ चा कायदा करावर उभा आहे, हे विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. मसुद्याला हातभार लावणारे क्रिस कोबाक तेव्हा राज्याचे सचिव होते, आज राज्याचे ॲटर्नी जनरल आहेत, आणि त्याआधी घटनात्मक कायदा शिकवत होते. अपिलाच्या वेळी राज्याचे वकील कायद्याच्या बाजूने उभे राहिले, ते योग्यच केले. पण त्यांनी वाचवायचा प्रयत्न केला तो कायदा. शिक्षा त्या दोघांच्याच नावावर लागली.

तुमच्या कायद्यातच एक तरतूद आहे, ती वाचून मला वाईट वाटले. कॅन्ससमध्ये बनलेल्या बंदुकीवर केंद्राचा कायदा लावू पाहणाऱ्या केंद्राच्या अधिकाऱ्याला तुम्ही गुन्हेगार ठरवलेत. मात्र लगेच हेही लिहिलेत की त्याला अटक करायची नाही, खटला संपेपर्यंत कोठडीत ठेवायचे नाही, फक्त समन्स द्यायचे. समजूतदार तरतूद आहे. राज्याच्या पोलिसाने केंद्राच्या अधिकाऱ्याला बेड्या घालण्याचा प्रसंग येऊ नये, हे तुम्ही ओळखलेत. केंद्राच्या अधिकाऱ्याला जपण्याचा विचार तुम्हाला सुचला. मग ज्याच्यासाठी कायदा केला त्या कॅन्ससच्या माणसाला केंद्राने पकडले तर त्याच्या वकिलाचा खर्च कोण देणार, एवढी एक ओळ का सुचली नाही?

आमच्याकडे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर लोक गेले होते. आपल्या किनाऱ्यावर, आपल्या हाताने तयार झालेल्या मिठावर दूरच्या सरकारने कर का घ्यावा, हाच प्रश्न तिथे होता. परकी राजवट आणि इथले निवडून दिलेले केंद्र सरकार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि मीठ म्हणजे सायलेन्सर नव्हे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. शिरोड्याला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते की लाठी बसेल, तुरुंगात जावे लागेल. पुढाऱ्यांनी ते सांगितले होते आणि पुढारी स्वतःही तुरुंगात गेले. 'मीठ उचला, आता ते कायदेशीर आहे' असे कोणी कोणाला सांगितले नव्हते. तुम्ही लोकांना नेमके तेच सांगितलेत, आणि केंद्राचे समन्स आले तेव्हा टोपीकातला एकही माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हता.

केंद्राला विरोध करायचा राज्यांना हक्कच नाही, असे मी म्हणत नाही. उलट त्याचा भक्कम रस्ता आहे आणि तो शस्त्रांच्याच प्रकरणात तयार झाला. मोंटानातल्या रावाली काउंटीचे शेरिफ जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनातल्या ग्रॅहॅम काउंटीचे शेरिफ रिचर्ड मॅक यांनी केंद्राच्या ब्रॅडी कायद्याविरुद्ध दावा लावला. बंदूक घेणाऱ्याची चौकशी करण्याचे काम केंद्राने आमच्यावर लादू नये, असे त्यांचे म्हणणे होते. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केले. केंद्राला आपला कायदा राबवायचा असेल तर आपल्या माणसांनी राबवावा, राज्याच्या अधिकाऱ्यांना जुंपता येणार नाही. २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या जुगाराच्या प्रकरणात कोर्टाने हे तत्त्व आणखी पक्के केले. तुमच्या कायद्यात राज्याच्या कर्मचाऱ्यांनी अशा बाबतीत केंद्राला मदत करू नये, असे जे आहे, ते या रस्त्यावरचे आहे. ते ठेवा. त्याने कोणी नागरिक फसत नाही.

पण त्या रस्त्यावरूनही घसरता येते, हे शेजारच्या मिसूरीने दाखवले. २०२१ च्या त्यांच्या कायद्यात केंद्राचे अमुक बंदूक कायदे राज्यात अवैध आहेत असे जाहीर केले होते, आणि केंद्राला मदत करणाऱ्या स्थानिक पोलीस खात्यावर ५०,००० डॉलरचा दंड ठेवला होता. २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २०२४ मध्ये आठव्या सर्किटने तो मोडीत काढला. मदत नाकारा, तो तुमचा हक्क. पण केंद्राचा कायदा रद्द झाला असे जाहीर करून त्या आधारावर मदत नाकारू नका, असा त्या निकालाचा आशय आहे. विधिमंडळात भाषण करताना हा फरक बारीक वाटतो. कोर्टात तोच निर्णायक ठरतो.

गांजाचे काय, असे तुमच्यातले कित्येक विचारतात. कोलोरॅडोने २०१२ मध्ये खुला केला, आमच्या पश्चिम सीमेपलीकडे दुकाने चालतात, तिथे केंद्र कोणाला धरत नाही; मग बंदुकीलाच वेगळा न्याय का? प्रश्न रास्त आहे. पण तिथेही राज्याच्या कायद्याने केंद्राचा कायदा संपलेला नाही. केंद्राने काही काळ कानाडोळा करण्याचे धोरण २०१३ मध्ये लेखी दिले, २०१८ च्या जानेवारीत ते मागे घेतले. औषधी गांजापुरते काँग्रेसने खर्चाच्या विधेयकात बंधन घातले, म्हणून तेवढ्याला आधार आहे. बाकी सगळे वॉशिंग्टनमधल्या मर्जीवर. सायलेन्सरच्या बाबतीत अशी मर्जी कधी लेखी मिळालेली नव्हती, हे चनूटच्या खटल्याने दाखवले. आणि ज्याचे भवितव्य दुसऱ्याच्या मर्जीवर आहे त्याला तुमचा कायदा 'तू सुरक्षित आहेस' असे कसे सांगतो?

टेक्सासने २०२१ मध्ये तसाच कायदा केला, फक्त सायलेन्सरपुरता. टेक्सासमध्ये बनलेला, 'मेड इन टेक्सास' ठसा असलेला सायलेन्सर राज्यातच राहिला तर केंद्राच्या नियमांतून मुक्त. पण त्यात तुमच्या कायद्यात नसलेली एक पायरी आहे. ज्याला सायलेन्सर बनवायचा आहे त्याने ॲटर्नी जनरलना लेखी कळवायचे, आणि ॲटर्नी जनरलनी केंद्राच्या कोर्टात जाऊन हा कायदा वैध आहे असा निर्णय मागायचा. त्याप्रमाणे काही नागरिकांनी कळवले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी दावा लावला. दावा लावण्याइतका हक्क सिद्ध झाला नाही म्हणून २०२३ मध्ये तो निकाली निघाला, २०२४ मध्ये पाचव्या सर्किटनेही तेच म्हटले. टेक्सासला हवे ते मिळाले नाही. मात्र या मार्गात राज्य पुढे उभे राहते आणि नागरिक मागे. टेक्सासच्या बाकी धोरणांवर माझे मत काहीही असो, या एका बाबतीत त्यांनी आपल्या माणसांची काळजी तुमच्यापेक्षा जास्त घेतली.

आणि बदल खरोखर घडला तो कुठे? २०२५ च्या जुलैमध्ये काँग्रेसने मोठ्या कर विधेयकात सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आणला, १ जानेवारी २०२६ पासून. १९३४ पासून जो आकडा हलला नव्हता तो वॉशिंग्टनमधल्या मतदानाने हलला. पण नोंदणी राहिली. फॉर्म भरायचा, फोटो लावायचा, बोटांचे ठसे द्यायचे, मंजुरी येईपर्यंत थांबायचे, हे सगळे तसेच आहे. माझी भीती इथेच वाढते. 'कर गेला' हे वाक्य रेंजवर मी आताच ऐकतो आहे, आणि पुढच्या वाक्यात 'आता नोंद कसली' असे कोणीतरी म्हणतो. करच नसेल तर कराच्या अधिकारावर उभी असलेली नोंदणी टिकते का, हा प्रश्न आता कोर्टांपुढे आला आहे. निकाल काहीही लागो, तो लागेपर्यंत नोंदणी न करणारा माणूस केंद्राच्या दृष्टीने गुन्हेगारच आहे. अशा वेळी २०१३ चा कायदा संहितेत पडून असणे म्हणजे भिंतीआड खड्डा उघडा ठेवणे. एखादा तरुण मशिनिस्ट तो वाचील, घरच्या लेथवर काम करील, ठसा मारील आणि समजेल की आपण कायदा पाळला. अशी हुशार मुले माझ्या शॉपमध्ये काम करतात. त्यांच्या हातांची मला काळजी नाही, वाचलेल्या कायद्यावरच्या त्यांच्या विश्वासाची आहे.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. कॅन्ससमध्ये बनलेल्या वस्तूला केंद्राचा कायदा लागू नाही, असे सांगणारे कलम केंद्राच्या कोर्टाचा निर्णय येईपर्यंत स्थगित करा. ते राजकीयदृष्ट्या जमत नसेल तर निदान त्या कलमातच लिहा, मोठ्या अक्षरांत, की या तरतुदीने केंद्राच्या खटल्यात बचाव मिळत नाही आणि दहाव्या सर्किटने २०१८ मध्ये तसे ठरवले आहे. टेक्सासप्रमाणे आधी राज्याने दावा लावण्याची पायरी घाला. या कायद्यावर विसंबून आजवर ज्यांच्यावर खटला झाला त्यांचा वकिलांचा खर्च राज्याने द्यावा. रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकात दिसणारही नाही एवढी असेल. ॲटर्नी जनरलनी राज्यातल्या प्रत्येक शस्त्रविक्रेत्याला आणि रेंजला स्पष्ट सूचना पाठवावी, केंद्राची नोंदणी अजून बंधनकारक आहे. आणि केंद्राचा कायदा बदलायचाच असेल तर आपल्या दोन सिनेटरांना आणि चार प्रतिनिधींना ठराव करून कळवा. २०२५ मध्ये दार किलकिले झालेले आहे, तिथे जोर लावा.

यातल्या एकाही गोष्टीने दुसऱ्या घटनादुरुस्तीला धक्का लागत नाही. केंद्राशी भांडण सोडा असेही मी म्हणत नाही. भांडा, राज्याच्या नावाने, राज्याच्या वकिलांकडून, राज्याच्या पैशाने. चनूटच्या दुकानदाराला पुढे करून भांडू नका.

अधिवेशन जानेवारीत सुरू होते. ज्या समितीकडे हा विषय जाईल तिच्यापुढे साक्ष देण्यासाठी मी विचिटाहून टोपीकाला येईन. त्या दिवशी शिफ्टची सुट्टी घेईन. समितीची तारीख ठरली की कळवावे, इंग्रजी प्रतीच्या शेवटी माझा पत्ता आहे.

कळावे,
आपला,
विचिटा येथील एक मतदार